खेड्यातून वेब ॲप : निर्मिती, विक्री आणि निगा

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. खेड्यातील सर्वसामान्य घरात चालू शकेल असा सुधारलेला चरखा तयार करणाऱ्यास एक लाख रुपयांचे पारितोषिक देण्याचे त्या संघाने घोषित केले होते. त्या काळाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. स्पर्धेच्या अटी मात्र पारितोषिकाहूनही अधिक विचार करण्याजोग्या होत्या. चरखा वजनाने हलका असावा. एखाद्या स्त्रीला त्यावर फारसे श्रम न पडता सलग आठ तास काम करता यावे. भारतात तो तयार करण्याचा खर्च १५० रुपयांहून अधिक नसावा. वेळोवेळी दुरुस्ती केल्यास तो वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशा त्या अटी होत्या. पारितोषिक घेणाऱ्यास पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करावे लागणार होते. सर्व अटींना उतरणारे यंत्र न मिळाल्यामुळे ते पारितोषिक अखेर कोणासही देण्यात आले नाही.

पुढे १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. १९३८ मध्ये तेथेच मगन संग्रहालय उघडण्यात आले. साधन कोणाच्या हाती द्यावयाचे, त्याचा खर्च कोण सोसणार आणि ते बिघडल्यास कोण दुरुस्त करणार, या प्रश्नांचा विचार वर्धा जिल्ह्यात अशा रीतीने दीर्घकाळ होत आला आहे. आज या जिल्ह्यातील तरुणांच्या हाती एक वेगळेच साधन आले आहे. संगणकावर वेब ॲप तयार करणे, ते क्लाउडवर ठेवणे आणि त्याची सेवा गावोगावच्या संस्थांना विकणे, हा उद्योग वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा समुद्रपूर येथे बसूनही करता येतो. हा उद्योग कसा चालतो आणि सेवा विकत घेणाऱ्या संस्थांनी कोणती दक्षता घ्यावी, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वेब ॲप म्हणजे काय?

ॲप म्हणजे एखादे विशिष्ट काम करून देणारी संगणकीय आज्ञावली होय. पूर्वी अशी आज्ञावली प्रत्येक संगणकात स्वतंत्रपणे भरावी लागत असे. वेब ॲपचे तसे नाही. त्याची मुख्य आज्ञावली आणि नोंदी दूरवरच्या सर्व्हरवर असतात. वापरणारी व्यक्ती आपल्या मोबाइलवर किंवा कार्यालयातील संगणकावर ब्राउझर उघडून, इंटरनेटच्या मार्गाने तेथपर्यंत पोहोचते. जमिनीचा सातबारा किंवा रेल्वेचे तिकीट संकेतस्थळावरून मिळवणाऱ्या प्रत्येकाने ही पद्धत अनुभवलेली आहे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर करतो. तेथे ॲप मोबाइलमध्ये घ्यावे लागते. परंतु नोंद शेवटी मध्यवर्ती सर्व्हरवरच जाऊन साठते.

या पद्धतीचा मोठा लाभ असा, की आज्ञावलीतील सुधारणा एकाच ठिकाणी करावी लागते आणि ती सर्व वापरणाऱ्यांना तत्काळ मिळते. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सर्व्हर बंद पडला, तर सर्वांचेच काम एकाच वेळी थांबते.

क्लाउड : भाड्याची यंत्रसामग्री

सर्व्हर चालवण्यासाठी अखंड वीज, थंड खोली, वेगवान इंटरनेट आणि चोवीस तास देखरेख लागते. हा खर्च लहान उद्योजकास परवडण्यासारखा नसतो. मोठ्या कंपन्यांनी अशी यंत्रसामग्री प्रचंड प्रमाणावर उभारून ती भाड्याने देण्यास आरंभ केला आणि त्यातून क्लाउडचा व्यवसाय उदयास आला. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवणुकीची व सर्व्हरची सेवा अशा रीतीने देऊ केली. महाराष्ट्रात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यास व मुंबईस, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईस आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईस आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यामुळे वर्ध्यातील ॲपच्या नोंदी राज्यातच ठेवणे शक्य झाले आहे.

शासनानेही या क्षेत्रात पावले टाकली आहेत. केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ या उपक्रमाखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची क्लाउड सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड वापरण्याविषयीचे आपले धोरण जाहीर केले.

क्लाउडची सेवा स्थूलमानाने दोन प्रकारांनी घेता येते. पहिल्या प्रकारात केवळ सर्व्हर भाड्याने मिळतो. त्यावरील व्यवस्था, सुरक्षा व दुरुस्ती भाडेकरूने पाहावयाची असते. हे रिकामा गाळा भाड्याने घेण्यासारखे आहे. दुसऱ्या प्रकारात तयार प्लॅटफॉर्म मिळतो. उद्योजकाने आपली आज्ञावली सुपूर्द करावी आणि ती चालवण्याची, वापर वाढल्यास क्षमता वाढवण्याची व्यवस्था प्लॅटफॉर्मने करावी, अशी ही योजना असते. यास सर्व सोयींनी युक्त अशा खोलीची उपमा देता येईल. २००७ मध्ये सुरू झालेला हेरोकू आणि २००८ मध्ये गूगलने आणलेले ॲप इंजिन ही या प्रकाराची आरंभीची उदाहरणे होत. एकट्या-दुकट्या तरुणास दुसरा प्रकार सोयीचा पडतो. मात्र जितक्या सोयी अधिक, तितके अवलंबित्वही अधिक, हे त्याने आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

निर्मितीचे टप्पे

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनीची अवजार बँक आहे. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र ती सभासदांना भाड्याने देते. नोंदी वहीत होतात. मृगाचा पाऊस झाला की एकाच दिवशी अनेक शेतकरी पेरणीयंत्र मागतात, दूरध्वनीवर दिलेले शब्द वहीत उतरत नाहीत आणि एकच यंत्र दोन गावांना कबूल केले जाते. वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो. त्या दिवसांत यंत्र न मिळालेल्या शेतकऱ्याची पेरणी लांबते व त्याचा परिणाम उत्पन्नावर होतो. अशा संस्थेसाठी एखाद्या तरुणाने ॲप तयार करावयाचे ठरवले, तर त्याने कोणत्या क्रमाने जावे?

पहिला टप्पा वहीच्या अभ्यासाचा आहे. मागील दोन हंगामांची वही समोर ठेवून तीत कोणते रकाने आहेत, कोणते रिकामे राहतात, खाडाखोड कोठे होते, हे पाहावे. तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, अवजार, एकर, डिझेल, येणे रक्कम एवढ्या रकान्यांतच सर्व व्यवहार सामावत असेल, तर ॲपमध्ये पन्नास रकाने घालण्याचे प्रयोजन नाही.

दुसरा टप्पा आराखड्याचा. शेतकऱ्यांची यादी, अवजारांची यादी आणि मागणीच्या नोंदी हे तीन तक्ते एकमेकांशी जोडले की एकच अवजार एकाच वेळी दोघांना देण्याची चूक संगणक स्वतःच रोखू शकतो. संस्थेची खरी अडचण येथेच दूर होते.

तिसरा टप्पा भाषेचा. पडद्यावरील सर्व मजकूर मराठीत असावा आणि नोंदी युनिकोड पद्धतीने व्हाव्यात. कार्यालयांतील अनेक जुने मजकूर विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेखित केलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती अक्षरे वाचता येत नाहीत आणि त्यांत नाव शोधणेही कठीण होते. युनिकोडमुळे ही अडचण राहत नाही.

चौथा टप्पा शिवाराच्या परिस्थितीचा. मोबाइलची रेंज सर्वत्र सारखी नसते. म्हणून पाने हलकी असावीत, नोंद मोबाइलमध्ये तात्पुरती साठवता यावी आणि रेंज मिळताच ती सर्व्हरवर जावी, अशी योजना करावी.

पाचवा टप्पा चाचणीचा. एक पूर्ण हंगामभर वही आणि ॲप ही दोन्ही एकत्र चालवावीत. दर आठवड्यास दोहोंचा मेळ घ्यावा. मेळ बसू लागल्यावरच वही बंद करण्याचा विचार करावा. या काळात रोजच्या नोंदींची प्रत, म्हणजेच बॅकअप, वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवयही लावून घ्यावी. घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा प्रत्यक्ष उघडून पाहणे अगत्याचे आहे. कारण न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच होय.

वारणेचा अनुभव

साधन तयार करण्यापूर्वी वापरणाऱ्याची गरज पाहावी, हे तत्त्व राज्यातीलच एका प्रयोगाने ठळकपणे पुढे आले. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प केंद्र व राज्य शासनाच्या साहाय्याने हाती घेण्यात आला. बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, शिक्षण व आरोग्य अशी विविध माहिती गावातील केंद्रांतून देण्याची कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाच्या वजनाची, खतांच्या हिशेबाची आणि देयकांची माहिती घेण्यासाठी करत असल्याचे आढळले.

२००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने त्यांपैकी सात गावांत एक वेगळा प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून तीच माहिती एसएमएसद्वारे देण्यात आली. जे काम संगणकावर होत होते, ते अल्प खर्चात मोबाइलवर होऊ शकले. कल्पनेतील सर्व सुविधांपेक्षा रोजच्या उपयोगाची एक सुविधा संस्थेस अधिक मोलाची असते, हा या अनुभवाचा बोध होय. अवजार बँकेचे ॲप करणाऱ्या तरुणासही तो तंतोतंत लागू पडतो.

विक्री : वर्गणीचे गणित

वेब ॲप एकदाच किंमत घेऊन विकण्याऐवजी मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर देण्याची प्रथा आहे. यामागे कारण आहे. सर्व्हरचे भाडे दरमहा द्यावे लागते, सुरक्षेच्या त्रुटी सतत दुरुस्त कराव्या लागतात आणि ग्राहकांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात. चरखा संघाने दुरुस्तीचा खर्च वर्षाला पाच टक्क्यांत बसवावा, असे म्हटले होते. संगणकीय आज्ञावलीच्या व्यवसायात वार्षिक देखभालीसाठी मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम आकारण्याची प्रथा आढळते. देखभालीची तरतूद न करता स्वस्त दराने विकलेले ॲप थोड्याच काळात निरुपयोगी होते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. अवजार बँकेचे ॲप दरमहा ४०० रुपये वर्गणीने ४० संस्थांनी घेतले, तर मासिक उत्पन्न १६,००० रुपये होईल. क्लाउडचे भाडे २,५०० रुपये, एसएमएस व रक्कम स्वीकारण्याचे शुल्क १,५०० रुपये आणि प्रवास व दूरध्वनी ३,००० रुपये धरल्यास खर्च ७,००० रुपये होतो आणि ९,००० रुपये उरतात. संस्था केवळ १५ असल्या, तर उत्पन्न ६,००० रुपयांवर येते. क्लाउडचे भाडे मात्र त्या प्रमाणात घटत नाही. ते २,५०० आणि अन्य खर्च २,१०० रुपये धरला, तर हाती १,४०० रुपयेच राहतात. एवढ्या मोबदल्यावर कोणी तरुण दीर्घकाळ सेवा देऊ शकणार नाही. तो नोकरीसाठी नागपूर-पुण्यास गेला, की ॲप बंद पडण्याचा धोका त्या १५ संस्थांपुढे उभा राहतो. यास्तव दर किती कमी आहे याबरोबरच त्या दरात सेवा किती वर्षे टिकेल, याचाही विचार खरेदीदाराने करणे हिताचे असते.

लहान प्रारंभातून हा व्यवसाय वाढू शकतो, याची उदाहरणे आहेत. २०११ मध्ये मुंबईत रितेश अरोरा व नकुल अग्रवाल यांनी ब्राउझरस्टॅक ही सेवा सुरू केली. निरनिराळ्या ब्राउझरांवर व मोबाइलांवर संकेतस्थळ नीट दिसते की नाही, हे तपासण्याची सोय ती वर्गणीवर देते. बाहेरचे भांडवल न घेता ग्राहकांच्या वर्गणीवर तिने आरंभीची अनेक वर्षे काढली. तमिळनाडूतील तेनकासीजवळच्या मथळमपारै या खेड्यात झोहो कंपनीने २०११ मध्ये कार्यालय उघडले व तेथील चमूने जगभर विकले जाणारे उत्पादन घडवले. या दोन्ही ठिकाणी एका निश्चित गरजेचे निवारण आणि अखंड सेवा यांवर भर होता.

व्यवहाराच्या बाजूने काही तरतुदी माहीत असणे आवश्यक आहे. सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते आणि अशा सेवांवर १८ टक्के कर लागतो. क्लाउडची सेवा परदेशी कंपनीकडून थेट घेतल्यास करविषयक जबाबदारी निराळी असते. त्याबाबत आधीच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. ग्राहकाच्या कार्डावरून दरमहा आपोआप वर्गणी घ्यावयाची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रथम ग्राहकाची रीतसर संमती व रक्कम वळती होण्यापूर्वी सूचना या गोष्टी आवश्यक ठरतात.

भाड्याच्या घराचे धोके

क्लाउड हे भाड्याचे घर आहे, ही गोष्ट विसरणाऱ्यांची कशी अडचण होते, हे दोन घटनांवरून दिसून येते. पार्स नावाचा प्लॅटफॉर्म मोबाइल ॲप करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय होता. २०१३ मध्ये फेसबुकने तो विकत घेतला. जानेवारी २०१६ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर झाले आणि जानेवारी २०१७ मध्ये तो बंदही झाला. त्यावर अवलंबून असलेल्यांना एका वर्षात आपले बिऱ्हाड हलवावे लागले. त्या कंपनीने नोंदी बाहेर काढण्याचे साधन दिले आणि आपली आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, म्हणून स्थलांतर शक्य झाले. दुसरी घटना हेरोकूची. विद्यार्थी व नवउद्योजक अनेक वर्षे वापरत असलेली त्याची विनामूल्य सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आली. शुल्क न भरणाऱ्यांना आपली ॲप अन्यत्र न्यावी लागली.

या दोन्ही घटनांत कोणताही नियम मोडला गेला नव्हता. घरमालकाने घराचा उपयोग बदलला, एवढेच घडले. म्हणूनच उद्योजकाने सर्वत्र चालणारी, खुली साधने शक्यतो वापरावीत; एकाच प्लॅटफॉर्मच्या खास सुविधांमध्ये आपली आज्ञावली गुंतवून टाकू नये आणि घर बदलण्याची तालीम वर्षातून एकदा करून पाहावी. त्याचप्रमाणे वापरानुसार बिल येत असल्यामुळे खर्चाची मर्यादा ठरवून तिचा इशारा मिळण्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी. आज्ञावलीतील एखाद्या चुकीमुळे सर्व्हर विनाकारण रात्रभर राबला, तर त्याचेही बिल भरावे लागते.

माहितीची जबाबदारी

अवजार बँकेच्या ॲपमध्ये शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक, जमीन आणि थकबाकी यांच्या नोंदी असतात. ही माहिती संस्थेकडे विश्वासाने आलेली असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्यांच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, वाजवी सुरक्षा ठेवावी, माहिती फुटल्यास संबंधितांना कळवावे, असे या कायद्याचे स्थूल सूत्र आहे. गंभीर उल्लंघनास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कायद्यापलीकडे जाऊन पाहिले, तरी प्रश्न साधा आहे. थकबाकीदारांची यादी चुकून उघडी पडली, तर गावात त्या कुटुंबांची मानहानी होते आणि ती भरून काढता येत नाही. म्हणून कोणी काय पाहावे हे ठरवून द्यावे. चालकाला त्याच्या दिवसाच्या फेऱ्या दिसाव्यात, हिशेबनिसाला रकमा दिसाव्यात. एकच पासवर्ड सर्वांनी वापरण्याची पद्धत टाळावी. कर्मचारी बदलल्यावर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. जी माहिती लागत नाही, ती मागूच नये. अवजार भाड्याने देण्यासाठी आधार क्रमांक साठवून ठेवण्याचे कारण नाही.

खरेदी करणाऱ्या संस्थेने काय विचारावे?

ग्रामपंचायत, सहकारी संस्था, शाळा किंवा शेतकरी कंपनी यांच्यापुढे ॲप विकणारे प्रतिनिधी येतात. आकर्षक पडदे दाखवले जातात. निर्णय घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घेणे इष्ट ठरेल.

१. हे काम करणारी शासकीय प्रणाली आधीच उपलब्ध आहे काय? ग्रामपंचायतींच्या नियोजन व लेख्यांसाठी केंद्र शासनाची ई-ग्रामस्वराज प्रणाली २४ एप्रिल २०२० पासून आहे. जे काम तीत होते, त्यासाठी वेगळा खर्च करण्यापूर्वी गटविकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

२. पहिल्या वर्षानंतर दरवर्षी किती खर्च येईल आणि दरवाढ कोणत्या रीतीने होईल?

३. नोंदींवर मालकी कोणाची? करारात ती संस्थेची असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे.

४. करार संपल्यास सर्व नोंदी तक्त्याच्या स्वरूपात, कोणत्याही संगणकावर उघडतील अशा, किती दिवसांत परत मिळतील? स्वाक्षरीपूर्वीच नमुन्यादाखल एक प्रत काढून पाहावी.

५. सर्व्हर देशात आहे काय? बॅकअप किती वेळा घेतला जातो व तो कोठे असतो?

६. ॲप बंद पडल्यास कोणाला दूरध्वनी करावयाचा आणि किती तासांत दुरुस्ती होईल? पेरणीच्या आठवड्यात हीच अट सर्वांत महत्त्वाची ठरते.

७. निर्माता हा व्यवसाय सोडून गेला, तर आज्ञावली चालू ठेवण्याची पर्यायी व्यवस्था काय?

शासकीय कार्यालये व स्थानिक संस्था यांच्या खरेदीसाठी २०१६ पासून गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस म्हणजेच जेम हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. तेथे खरेदी केली तरी वरील प्रश्न विचारण्याची जबाबदारी संस्थेवरच राहते. संगणकीय प्रणाली आल्यावरही महत्त्वाच्या नोंदींची छापील प्रत महिनाअखेर काढून स्वाक्षरीसह जपून ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

शिक्षणाशी सांगड

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताने करावयाच्या उत्पादक कामातून शिक्षण द्यावे, हा विचार पुढे आला आणि त्यातून नई तालीमची योजना आकारास आली. संगणकाच्या शिक्षणासही तो विचार लागू करता येईल. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, पोषण आहाराच्या साठ्याची नोंद किंवा गावातील विहिरींच्या पाणीपातळीचा तक्ता यांपैकी एक विषय घेऊन विद्यार्थ्यांनी प्रथम वही तयार करावी, मग तिचा तक्ता, मग छोटे ॲप. त्या कामात गणित, भाषा आणि गावाचा परिचय ही सर्व अंगे येतात. महत्त्वाचे असे, की ॲप एका इयत्तेने करावे आणि पुढील इयत्तेने त्याची निगा राखावी. दुसऱ्याने केलेले काम समजून घेऊन ते चालू ठेवणे हे कौशल्य या व्यवसायात फार उपयोगी पडते. जिल्ह्यातील महाविद्यालयांतील संगणक विभागांनाही अशा कामात परिसरातील शाळांना मार्गदर्शन करता येईल.

चरखा संघाच्या स्पर्धेत अपेक्षित यंत्र लाभले नाही. परंतु ग्रामीण साधनाची पारख कशी करावी, याचे माप त्या अटींनी घालून दिले. वापरणाऱ्याला ते झेपावे, किंमत त्याच्या आवाक्यात असावी, ते पुष्कळ वर्षे चालावे, दुरुस्ती स्वस्त असावी आणि हक्क लोकांच्या संस्थेकडे असावेत. क्लाउडवरील ॲपच्या बाबतीत सर्व्हर परक्याचा असणे अपरिहार्य आहे. नोंदींची मालकी, त्या परत मिळण्याचा हक्क आणि देखभालीची तरतूद या गोष्टी मात्र करार करतेवेळी संस्थेच्या हाती असतात. जिल्ह्यातील पंचायती आणि सहकारी संस्था त्या आग्रहाने मागू लागल्या, तर टिकाऊ सेवा देणाऱ्या स्थानिक तरुणांना खात्रीचे ग्राहक मिळतील आणि पेरणीच्या दिवशी अवजारासाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्यास आपली पाळी केव्हा येणार, हे निश्चितपणे कळू शकेल.